टिकलीनं लावलेली चिठ्ठी

माझ्या पाकिटात, आतल्या कप्प्यात, प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेला एक कागद आहे. बायकोला वाटतं अंगारा आहे, शेगावचा. लग्नाच्या आधीपासून माझ्याजवळ आहे म्हणून ती त्याला हात लावत नाही. पाकीट बदललं की उलट तीच आठवण करून देते — अंगारा घेतला का हो? मी हो म्हणतो. देवाच्या नावावर खपवलेली गोष्ट आहे, त्यामुळे कोणी उघडून बघत नाही.

अंगारा नाही तो. चिठ्ठी आहे, दीड ओळीची. ती कोणाची, माझ्याकडे कशी आली, हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, भावासमोर नाही, देवळात डोळे मिटूनसुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागून येतो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून जमेल असं वाटतं. बघू.

मोताळ्याला एसटी स्टँडच्या समोर माझं दुकान आहे. आता झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, सगळंच चालतं. पण मी सांगतोय ते दिवस वेगळे होते. खेड्यात कुठं कुठं नुकते कॉम्प्युटर यायला लागले होते, आणि त्यांची पेटी उघडून आत हात घालणारा आमच्या तालुक्यात मी एकटा. बुलढाण्याला दोघं होते, पण ते खेड्यात येत नसत. मी मोटारसायकल काढायचो, पाठीला बॅग, बॅगेत स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, सीड्या. गेलो की लोक बाज टाकायचे, चहा ठेवायचे. 'डॉक्टर आले' म्हणायचे. मी तेव्हा पंचविशीत. त्या वयात कोणी डॉक्टर म्हटलं की चढतं हो डोक्यात. माझ्या चांगलंच चढलं होतं.

आता थोडं धंद्यातलं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉम्प्युटरात सगळं साठवायला एक हार्ड डिस्क असते. तिचे आम्ही भाग पाडतो. एका मोठ्या खोलीत मधे भिंत घालावी तसं. अलीकडची खोली सी, पलीकडची डी. सीमध्ये मशीन चालवणारी सिस्टीम, डीमध्ये घरच्यांचं सामान. मशीन बिघडलं की आम्ही सी पुसून कोरी करायची आणि सिस्टीम नव्यानं टाकायची. फॉरमॅट मारणं म्हणतात त्याला. डीला धक्का लागत नाही. म्हणून मी प्रत्येक घरी सी लहान ठेवायचो, डी मोठी. आणि निघताना एक वाक्य टाकायचो, 'काही ठेवायचं तं डीमधी ठेवा. डी म्हणजे तिजोरी.' लोकांना फार आवडायचं ते. मलाही.

तर नाना. माझ्या वर्गात प्रकाश म्हणून होता, त्याचे वडील. रोहिणखेडच्या अलीकडं एक खेडं आहे, नाव घेत नाही. तिथं त्यांचा भाजीपाल्याचा मळा — वांगी, मेथी, मिरची. चारचौघांसारखं घर. पण नानांना एक नाद होता. दर वैशाखात, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा, ते सायकलवर निघायचे आणि आसपासच्या गावांतल्या विहिरी मोजायचे. दोरीला दगड बांधलेला, हातहातावर गाठ मारलेली. विहिरीत सोडायची, गाठी मोजायच्या, वहीत लिहायचं. विहीर कोणाची, कोणी खांदली, किती परस, म्हणजे किती पुरुष-उंची खोल, मुरूम कुठं संपला, काळा पाषाण कुठं लागला, झरा कोणत्या अंगानं आला, यंदा पाणी किती. असं त्यांनी जवानीपासून म्हातारपणापर्यंत केलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. पण नवी विहीर खांदायची म्हटली की दहा गावचे लोक आधी नानांच्या ओट्यावर येऊन बसायचे. नाना वही काढायचे आणि सांगायचे, 'तिथं नको. तुह्या काकाच्या बांधाकडं सरक.'

त्या वह्यांना वाळवी लागली. आणि म्हणून तो कॉम्प्युटर आला. प्रकाशचा नाही, पोरांच्या खेळायचा नाही. वह्या उतरवायला आणलेला. उतरवणार कोण? शोभावहिनी. प्रकाशची बायको. अमडापूरची पोरगी, बारावी झालेली, चिखलीला जाऊन टायपिंग शिकलेली. प्रकाशला आणि माईंना — म्हणजे तिच्या सासूला — हे काही फारसं पसंत नव्हतं. सून मशीनपुढं बसली तर भाकरी कोणी थापायच्या? पण नानांनी भर जेवणात, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की शोभा, एवढं काम तू पुरं कर, मग समोरची खोली तुझी. तिथं तू टायपिंगचं केंद्र काढ, गावातल्या पोरी शिकव. तुले कोणी अडवणार नाही.

एवढंच होतं तिच्यासाठी. एक खोली. आणि ती खोली मिळायची तर विहिरी पुऱ्या व्हायला पाहिजेत. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरलो असं मला म्हणता येत नाही. मला सगळं माहीत होतं. मशीन मीच बसवलं होतं, सी-डीचं वाक्य तिलाही मीच सांगितलं होतं.

दोन वर्षं तिनं ते काम केलं. सकाळचं आवरून, शेतात भाकर पोचवून, दुपारी. पानाला पान चिकटलेलं, मधे वाळवीची माती, अर्ध्या ओळी खाल्लेल्या. ती नानांना विचारायची, नाना डोळे मिटून आठवून सांगायचे, ती टाकायची. मी कधी मशीन बघायला गेलो की दोघांचं चाललेलं असायचं — 'नाना, इथं पाच परस का सात?' 'सात टाक. पाच त्याच्या भावाची.' मला गंमत वाटायची. एक-दोनदा कंटाळाही आला.

एक वही पुरी झाली की नाना ती वेगळी ठेवायचे. तशी पोतंभर साठली. वाळवी घरभर होऊ नये म्हणून माई मागं लागल्या की काढा हे. आता आमच्याकडं लिहिलेला कागद कोणी जाळत नाही, उकिरड्यावर टाकत नाही. पोथी जुनी झाली की नदीत सोडतात, तसं. नानांनी मला विचारलं. हो, मलाच विचारलं, त्यांच्या ओट्यावर, चहाची बशी हातात असताना.

"गजा, ह्या वह्या आता सोडल्या तं चालन ना बे?"

"बिनधास्त सोडा नाना," मी म्हटलं. "डीमधी हाय सगळं. तिजोरीत."

त्यांनी त्या नळगंगेत सोडल्या. हळद-कुंकू वाहून. पाण्याचंच होतं, पाण्यात गेलं म्हणाले, आणि खूश होते.

सांगतो, सांगतो. तुमच्या लक्षात आलंच असेल की मी फिरतोय नुसता. मुद्द्यावर यायचं म्हटलं की पाय मागं येतो. पण आलोच आता.

काम संपत आलं होतं, तीनच गावं राहिली होती. ती झाली की सगळं छापून घ्यायचं ठरलं होतं. नानांनी केंद्राची पाटीसुद्धा रंगवून आणली — पत्र्याची, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, 'शोभा टायपिंग व संगणक केंद्र'. ती खोलीत भिंतीकडं तोंड करून उभी होती. शिकवायचं म्हणजे नवी सिस्टीम पाहिजे, नवे प्रोग्राम पाहिजेत, आणि त्यांना सीमध्ये जागा पाहिजे. सी तर मी इवलीशी ठेवलेली. म्हणजे मधली भिंत सरकवायची — सी मोठी, डी लहान. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर मंजुरीसाठी केंद्र बघायला माणूस येणार होता, त्याच्या आत.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी गेलो. आमच्या भागात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात. आणि गडीमाणसं, खरं सांगायचं तर, पत्ते खेळतात. वर्षभर पत्त्याला न शिवणारा माणूसही आखाजीत डाव टाकतो, कोणी काही म्हणत नाही. आमचा डाव दुकानामागच्या निंबाखाली एक वाजता बसणार होता. हे पत्त्याचं मी कशाला सांगतोय? कारण तेच कारण आहे. कोणी आजारी होतं, काही अडलं होतं, असं काहीतरी मोठं असतं तर बरं झालं असतं. नव्हतं. पत्ते होते.

मी पोचलो तेव्हा पावणेअकरा. शोभावहिनी पहाटेच्या गाडीनं माहेरी गेलेली, प्रकाश पोचवायला सोबत. नाना मळ्यात. घरी माई एकट्या, पुरणाचं निवडत बसलेल्या. मी सरळ समोरच्या खोलीत गेलो. मॉनिटरवरचं फडकं काढलं. आणि काचेवर, बरोब्बर मधोमध, चिठ्ठी. वहीचा फाडलेला कागद आणि वरच्या बाजूला लाल टिकली, तिच्याच डिंकानं चिकटवलेली. नजर चुकणं शक्यच नव्हतं. 'गजानन भाऊ, डीमधल्या विहिरी आधी फ्लॉपीवर घ्या. मगच बाकीचं करा. — शोभा.'

मी ती वाचली.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी ती वाचली. दोनदा वाचली. आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग आला. ही मले शिकवून राह्यली! कालपर्यंत मशीन चालू कसं करतात मला विचारत होती, आज डॉक्टरला औषध सांगते. काढली काचेवरून, घडी घातली, खिशात टाकली.

बरं, नक्कल उतरवून घ्यायची फ्लॉपी नव्हती म्हणावं तर बॅगेत दहाचा डबा होता. नवा, वरचा कागदसुद्धा न फाडलेला. आणि सामान किती? नुसता मजकूर होता, फोटो नाहीत, गाणी नाहीत. चार-पाच फ्लॉप्यांत सगळ्या विहिरी मावल्या असत्या. अर्धा-पाऊण तास लागला असता फार तर. पण त्या आठवड्यात भारनियमन होतं बारा ते चार. फ्लॉप्या भरत बसलो तर बारा वाजणार, लाइट जाणार, आणि भिंत सरकवायला चारपर्यंत थांबावं लागणार. म्हणजे डाव गेला.

माझ्याकडं एक सीडी होती, बुलढाण्याहून आणलेली. तिच्यातला प्रोग्राम सामान न पुसता भिंत सरकवायचा. पहिल्याच पडद्यावर तो बजावायचा की आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा आणि काम चालू असताना वीज जाऊ देऊ नका. मी तोवर दोन घरी तो चालवला होता. दोन्हीकडं काही झालं नव्हतं. दोनदा. त्या दोन वेळांच्या भरवशावर मी बसलो. पडद्यावर आलं, पन्नास मिनिटं लागतील. घड्याळात अकरा. बसतं की, म्हटलं. यूपीएस होता, मीच दिलेला. त्याची बॅटरी बसली होती हेही मला माहीत होतं. 'बदलून देतो' म्हणून दोन महिने झाले होते.

लाइट गेली बाराला पंधरा कमी असताना. पाच मिनिटंच राहिली होती. पंखा थांबला, पडदा काळा. माई आतून म्हणाल्या, "आज लवकर गेली वं माय."

चार वाजेपर्यंत मी तिथंच बसलो. म्हणजे डाव तसाही गेलाच. माईंनी आमरस केला होता, पोळ्या केल्या होत्या. 'सणाच्या घरून उपाशी जातात का?' म्हणून वाढलं. मी जेवलो. घास उतरत नव्हता असं म्हणायला आवडलं असतं मला, पण उतरत होता. दोन वाट्या रस घेतला. मनाला समजावत होतो की काही नसेल झालं.

चारला लाइट आली. सी उघडली. डी उघडली नाही. मशीन म्हणालं, हा भाग वाचता येत नाही, फॉरमॅट करायचा का?

आता इथं नीट ऐका. इथवर जे झालं ते माजोरीपणानं झालं, घाईनं झालं. त्याला चूक म्हणता येईल. कोणी दिलदार माणूस असेल तर म्हणेलही. पण पुढचं तसं नाही. डी वाचता येत नव्हती, म्हणजे आतलं सगळं गेलं होतं असं नव्हे. भिंत मधेच कोसळली होती, सामान ढिगाऱ्याखाली होतं. अशा वेळी डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही, तशीच काढायची, फडक्यात गुंडाळायची आणि मोठ्या शहरात न्यायची. नागपूरला असं सामान बाहेर काढणारे लोक होते. सगळं नाही तरी बरंच निघालं असतं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. हे मी दुसऱ्यांना सांगायचो.

पण तसं करायचं म्हणजे नानांना सांगावं लागणार की माझ्या हातून झालं. वहिनी विचारणार की चिठ्ठी? तालुकाभर होणार, गजा डॉक्टरनं विहिरी बुडवल्या. आणि डिस्क तशीच राहिली तर कधी ना कधी कोणी बुलढाणेवाला उघडून बघणार आणि सांगणार की अर्ध्यात भिंत सरकवलेली दिसते. कोरी डिस्क काही सांगत नाही.

मी फॉरमॅट मारला. मशीननं आधी विचारलं, ह्या भागाचं आत्ताचं नाव काय? चुकून कोणी पुसू नये म्हणून विचारतं ते. नाव बरोबर टाकलं तरच पुढं जातं. नाव वहिनीनं ठेवलं होतं. 'विहिरी', इंग्रजी अक्षरांत. मी एकेक अक्षर टाकलं. नक्की का, म्हणून पुन्हा विचारलं. मी वाय, म्हणजे हो, दाबलं. दुसऱ्या घरी गाणी पुसताना दाबतो तसंच दाबलं. 

संध्याकाळी नाना आले, हातात माझ्यासाठी मेथीच्या दोन जुड्या. मी सांगितलं की नाना, डी आधीपासूनच खराब झाली होती, आज पुरी बसली, त्यातलं गेलं. कशानं गेलं? आता मशीन नीट बंद न करता सरळ बटण दाबलं की असं होतं. नाना बाजेवर बसले.  मग म्हणाले, "पण मशीन तं शोभाच चालवते." मी पेटीचा स्क्रू आवळत होतो. आधीच आवळलेला होता तो. 'नाही नाना, तिचं काही नाही', एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी स्क्रूच आवळत राहिलो.

मग ते म्हणाले, "वह्या तं सोडल्या ना बे आपण." आपण म्हणाले. तुझ्या सांगण्यावरून, असं नाही म्हणाले. मेथी मात्र घेऊन जायला लावली.

वहिनीला माहेरी निरोप गेला. ती आखाजी अर्धी टाकून आली आणि बाजाराच्या दिवशी सरळ माझ्या दुकानात. एकटी. डोळे सुजलेले, पण आवाज साधा. मला वाटलं, आता चिठ्ठीचं काढेल आणि मी संपलो. काढलंच. विचारलं, "भाऊ, मॉनिटरवर मी चिठ्ठी लावली होती. दिसली नाही का तुम्हाले?"

"चिठ्ठी? नाही बा," मी म्हटलं. चिठ्ठी माझ्या मागच्या खिशात होती. बसलेल्या खुर्चीत मला तिची घडी लागत होती.

तिनं लगेच खरं मानलं. 'मग पंख्यानं उडाली असन, टिकलीचा डिंक तो कितीसा' — असं स्वतःशीच म्हणाली. जाईल म्हटलं आता. गेली नाही. थोडं थांबून, खाली बघत म्हणाली की संक्रांतीच्या वेळी एकदा लाइट येऊन-जाऊन राह्यली होती, मी घाबरले आणि सरळ बटण दाबलं. एकदाच, भाऊ. "त्यानं होते का असं?"

माझ्यासमोर तेव्हा दोन उत्तरं होती. 'नाही' म्हटलं असतं तरी माझं काही उघड होत नव्हतं! हे मला नंतर कळलं असंही नाही, तेव्हाच कळत होतं. 'नाही वहिनी, एकदा बटण दाबल्यानं काही होत नाही, डिस्कच खराब होती' — एवढ्यावर ती सुटली असती आणि मीही. पण तिच्या अंगावर गेलं की माझ्याकडं कोणी बघणारच नाही, हे जास्त पक्कं होतं.

"होऊ शकते," मी म्हटलं.

दोन शब्द. माझा गुन्हा कोणता, असं कोणी विचारलं तर पत्ते नाही, फॉरमॅट नाही. हे दोन शब्द. ती मान हलवून गेली. जाताना 'येते भाऊ' म्हणाली, नेहमीसारखं.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. घरात आरडाओरडा झाला नाही, चांगली माणसं ती. नानांनी तिला माफ केलं. बघा — माफ केलं! म्हणाले, जाऊ दे पोरी, मशीनच हाय ते. कशाबद्दल माफ केलं? माझ्याबद्दल. आणि खोलीचंही ते म्हणाले होते म्हणे, की काढ तू केंद्र, माझा शब्द हाय. तीच नको म्हणाली. ज्या हातानं नानांचं आयुष्य उडालं त्या हातानं पोरींना काय शिकवू? प्रकाश आणि माईंनी आग्रह केला नाही. त्यांना बरंच होतं. समोरच्या खोलीत कांदे भरले. मशीन प्रकाशच्या मामेभावाकडं गेलं. ती निळी पाटी मळ्यातल्या मोटारीच्या स्टार्टरवर छप्पर म्हणून ठोकली, अक्षरं आतल्या बाजूला. रोहिणखेडच्या रस्त्यानं जाताना दिसते. मागून सगळा गंज.

नाना पुढं चार-पाच वर्षं होते. लोक विहिरीचं विचारायला यायचे, नाना डोळे मिटून आठवायचे, आणि कधी कधी म्हणायचे, पाच का सात, आता ध्यानात नाही बावा. ते गेले तेव्हा मी खांदा दिला. वहिनी दारात उभी होती. गावातल्या एका बाईनं माझ्या देखत दुसरीला हळूच सांगितलं, ह्याच सुनेच्या हातानं त्याईचं लिखाण बुडालं. मी ऐकलं आणि तिरडीला हात घातला.

सांगायच्या संधी नव्हत्या का? शंभर होत्या. दर आखाजीला एक. मी विचार करायचो की आता सांगून कोणाचं भलं होणार, डिस्क तर काही परत येत नाही. हे फार सोयीचं वाक्य आहे, कोणालाही पुरतं. पण डिस्क परत येत नव्हती तरी ती खोली येत होती. कांदे काढले की झालं असतं. आणि चिठ्ठी मी का फाडली नाही, हे मला खरंच सांगता येत नाही. जपून ठेवण्याइतका मी भला नाही. फाडायला हात मात्र गेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात शोभावहिनी दुकानात आली. सोबत मुलगी, बारावी झालेली, चुणचुणीत. तिला बुलढाण्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला जायचं होतं. ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. वहिनीचे केस बरेच पिकलेत. दुकानात गर्दी होती, प्रिंटर अडकला होता, आणि मी सहज, अगदी सहज, बाजूचा कीबोर्ड तिच्याकडं सरकवला. म्हटलं, वहिनी, तुम्हाले तं टायपिंग येते, तुम्हीच टाका ना तोवर.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. चटका बसल्यासारखे.

"नको भाऊ. माह्या हातानं उडते."

मुलगी हसली. म्हणाली, "काका, आई मोबाईललेही हात लावत नाही. मेसेज मीच पाठवते तिचे." वहिनीही हसली तिच्यासोबत, जुन्या खोडीवर हसावं तसं. वीस वर्षं होत आली. ती ते खरं मानून बसली आहे, आणि तिच्या पोरीला ती आईची गंमत वाटते.

मी कीबोर्ड परत ओढून घेतला. मुलीचं नाव टाकलं. पत्ता टाकला. पुढं रकाना आला, आईचे नाव. पाकीट खिशात होतं. मशीन वाट बघत होतं. वहिनी माझ्याकडं बघत होती, भरवशानं. मी एकेक अक्षर टाकलं, शो, भा. मग बरोबर आहे का, म्हणून मशीननं विचारलं, आणि मी हो दाबलं.

त्या दोघी गेल्या. मी अडकलेला प्रिंटर उघडला.

चिठ्ठी तिनं लावली होती. पंख्यानं उडाली नव्हती. तिच्या हातानं काहीच उडालेलं नाही. सगळं माझ्या हातानं गेलं.